काळी गोटी

आमच्या गल्लीत कोणाच्याही तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही तक्रार नव्हे. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, जटपुरा गेटपासून हाकेच्या अंतरावर, गच्चीला गच्ची लागून राहणाऱ्या माणसाने गुपित ठेवायचं तरी कुठे? सकाळी कोणाकडे दूध नासलं ते नऊ वाजेपर्यंत रामाळा तलावावर फिरायला गेलेल्यांनाही कळलेलं असतं. अशा गल्लीत इंजिनिअर साहेब राहायला आले. महिन्यातून एकदा काळा सूट घालायचा, हातात एक चपटी काळी बॅग घ्यायची आणि नागपूरची गाडी धरायची, हा त्यांचा नेम सुरू झाला.

मे महिन्यातसुद्धा. चंद्रपूरचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पारा ४६ वर जातो, कुत्री नालीत बसून राहतात, आणि माणसं दुपारी दार वाजलं तरी उघडत नाहीत. त्या उन्हात काळा कोट! गल्लीने अंदाज बांधायला घेतले. कोणी म्हणालं कोर्टाची तारीख असेल, कोणी म्हणालं साखळीचा धंदा असेल, आता आपल्यालाही सभासद करायला येतील. समोरच्या काकूंनी थेट तंत्रमंत्रावर बोट ठेवलं आणि साहेब दिसले की नातवंडांना आत घ्यायला सुरुवात केली.

शेवटी मीच एकदा पानठेल्यावर विचारलं. साहेब अगदी सहज म्हणाले, "मी मेसन आहे. फ्रीमेसन. महिन्याला आमच्या लॉजची बैठक असते."

पानठेलेवाल्याचा कात लावणारा हात थांबला. "मेसन म्हंजे गवंडी ना जी?"

"मूळ अर्थ तोच."

"अन् फ्री म्हंजे मजुरी नाई घेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकू साहेबांच्या दारात उभ्या. त्यांची गच्ची तीन पावसाळे गळत होती. साहेबांचं आयुष्य बांधकामात गेलेलं. ते काही न बोलता वर चढले, भेग शोधली आणि दोन दिवसांत बुजवूनही दिली. तेव्हा, जगभर ज्या संघटनेबद्दल इतकं कुजबुजलं जातं तिने आमच्या गल्लीत केलेलं पहिलं सेवाकार्य म्हणजे वॉटरप्रूफिंग.

त्यानंतर आमचं जमलं. संध्याकाळी चहाला बसलो की मी त्यांना खोदून विचारायचो आणि ते जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचे. युरोपात दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांच्या मंडळ्या होत्या. पुढे त्यांत हातात कधी थापी न धरलेले लोक शिरले, आणि गुण्या, कर्कटक, थापी ही हत्यारं शिकवणुकीची चिन्हं होऊन बसली. १७१७ साली लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज केलं, ते साल ही मंडळी प्रमाण मानतात. १७३० च्या सुमारास प्रकरण कंपनीच्या गोऱ्यांबरोबर कलकत्त्याला पोचलं. खिडक्या बंद, आत मेणबत्त्या, दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला पहारेकरी. आपल्या लोकांनी त्या घरांना जादूघर म्हटलं, भूतबंगला म्हटलं. फारसी जाणणाऱ्यांनी आणखी सुंदर नाव दिलं, फरामोशखाना. विसरण्याचं घर. आत काय झालं असं बाहेर आलेल्याला विचारावं, तर त्याला काही आठवतच नाही!

त्या तलवारवाल्याला टायलर म्हणतात, हे ऐकून पानठेलेवाला म्हणाला, "शिंप्याच्या हातात तलवार कायले जी?" साहेबांनी समजावून सांगायचा यत्न केला आणि सोडून दिला.

माझा भाचा मात्र फार गंभीर होता. त्याच्या मोबाइलनुसार हे लोक जगातली सरकारं चालवतात. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, आमच्या हॉलच्या छताचं काम करायचं की नाही, हे ठरवायला आम्हाला तीन वर्षं लागली. जग कुठून चालवणार?"

आता सांगतो तो भाग मला आवडला. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहेब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी मांडतात; ज्याचा जो ग्रंथ त्यावर हात ठेवून त्याने शपथ घ्यायची. बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर बोलायला बंदी. (ही दुसरी अट आमच्या पानठेल्यावर लावली तर ठेला आठवड्यात बंद पडेल.) दान करायचं ते पाटी न लावता. आमच्याकडे बसथांब्याच्या बाकावर दात्याचं नाव इतकं ऐसपैस असतं की टेकून बसलं की ते पाठीवर उमटेल की काय असं वाटतं; त्यामुळे पाटी न लावणाऱ्यांविषयी मला आपोआप आदर वाटतो.

बॅगेत काय, तेही एकदा दाखवलं. मला वाटलं होतं कवटी तरी असेल. निघाला एक पांढरा, कोकराच्या कातड्याचा छोटा एप्रन, कमरेला पुढून बांधायचा तो. जुन्या गवंड्यांची आठवण. मी एका पुस्तकात वाचलं होतं की पहिल्या दिवशी नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडतात. खरं का, म्हणून विचारलं तर साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, तुम्ही येता का? मी विचार करतो म्हणालो, आणि प्रवेशाची रीत विचारली. तिथे ती गोटी आली.

नवा माणूस घ्यायचा की नाही यावर लॉजमध्ये मत घेतात ते गोट्यांनी. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. पेटीत हात घालून गोटी टाकायची, कोणी कोणती टाकली ते दिसत नाही. काही ठिकाणी दोन-तीन काळ्या लागतात, काही ठिकाणी एकच पुरते. बाकी सगळ्या शुभ्र आणि एक काळी, तरी माणूस बाहेर. आणि कोणी टाकली, का टाकली, हे विचारायचं नाही.

"का विचारायचं नाही?"

"भावाभावांत वितुष्ट नको म्हणून," साहेब म्हणाले. पटण्यासारखं होतं. पण जरा थांबून ते म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी मी एका मित्राचं नाव सुचवलं होतं. काळी गोटी पडली. का, ते मला आजही माहीत नाही. त्यालाही नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी चहा घेतला नाही."

या गोटीने मोठमोठ्यांना दाराबाहेर ठेवलं आहे. मुंबईचे माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. त्यांना इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला नाही, पॅरिसमध्ये मिळाला, आणि मुंबईला परतल्यावर इथल्या गोऱ्या बंधूंनी पुन्हा दार लावून घेतलं. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या मेसनने १८४३ मध्ये हिंदी लोकांना घेणारं वेगळंच लॉज काढलं, रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना तर सुमारे नऊ वर्षं अर्ज करावे लागले. १८७२ मध्ये कुठे आत घेतलं. आक्षेप काय, तर हिंदूंचे देव अनेक, मग एका परमेश्वरावर विश्वास आहे अशी शपथ हे कशी घेणार? तेहतीस कोटींचा हिशेब जुळवायला नऊ वर्षं म्हणजे तसं लवकरच आटोपलं. पुढे मोतीलाल नेहरूंपर्यंत कितीतरी नावं मेसनांच्या यादीत आली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज झालं.

माझं म्हणाल तर मला गुपितांचं वावडं नाही. आमच्या जिल्ह्याने एका फार मोठ्या गुप्त बंधुसंघात सहा वर्षं काढली आहेत. २०१५ च्या एप्रिलात चंद्रपुरात दारूबंदी आली. पलीकडे गडचिरोली १९९३ पासून कोरडा, अलीकडे वर्धा त्याच्याही आधीपासून कोरडा; मधला ओला पट्टाही गेला. त्यानंतर या जिल्ह्यात ज्या खुणा, जी सांकेतिक नावं, दारावरच्या ज्या ठरावीक टकटकी निघाल्या, त्यांपुढे लंडनच्या ग्रँड लॉजने टोपी काढली असती. जात नाही, धर्म नाही, पक्ष नाही. एकाने दुसऱ्याला कधी दगा दिला नाही. २०२१ मध्ये बंदी उठली आणि तो बंधुभाव एका दिवसात मावळला. आता तेच लोक रस्त्यात भेटले तर ओळख दाखवत नाहीत.

पण आमच्या भागात खुणांचा खरा उपयोग मोहफुलांच्या दिवसांत होतो. मार्च-एप्रिलात फूल रात्रभर गळतं आणि ते उजाडायच्या सुमारास वेचायचं, म्हणजे नेमकं वाघाच्या फिरण्याच्या वेळी. सिंदेवाही, सावली, मूल, ब्रह्मपुरी या तालुक्यांत हे काय असतं ते ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला विचारावं. नव्हे, विचारू नये. तर बाया-माणसं घोळक्याने जातात, आपापल्या झाडाखाली पांगतात, आणि वाकून वेचता वेचता मधूनच एक हाक देतात. शब्द काही नसतो, नुसती लांबवलेली हूऽऽ. पलीकडून हूऽऽ आली की पुन्हा वाकायचं. कालच बांधावरून कडाक्याचं भांडण झालेली शेजारीणसुद्धा हाकेला ओ देते. नाही दिली तर सगळं रान वेचणं टाकून तिच्या झाडाकडे पळतं.

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे हस्तांदोलनाची खूण असते. पण त्याला जवळ यावं लागतं."

आमच्याकडच्या नमस्कारातच हा बंधुभाव आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे लोक भेटले की 'जयगुरु' म्हणतात. चिमूरकडच्या गावांत संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला भगव्या टोपीतले म्हातारे आणि शाळकरी पोरं एकाच सतरंजीवर बसतात, दाराचा प्रश्नच नाही, कारण प्रार्थना बहुतेक अंगणातच असते. गोंड बांधव 'जय सेवा' म्हणतात. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला काम सुरू केलं, तेव्हा दवाखाना, मिशन, आश्रम अशी सगळी नावं मोकळी असताना त्यांनी नाव दिलं लोकबिरादरी. भाऊबंदकीच्या मुलखात बिरादरीचा बोर्ड लावायला धाडसच लागतं.

आणि मग मेंढा. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लेखा गावाला लागून असलेलं हे शंभरेक घरांचं गोंड गाव. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा यांची. देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे गाव बाहेर माहीत झालं, तरी गावाला विचाराल तर ते म्हणेल, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. बांबू हे गवत की झाड, यावर वाद. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदान करून जमीनच गावाच्या नावे केली. गाव करी ते राव न करी, ही म्हण मी शाळेत निबंधात वापरायचो. हिशेबाच्या वह्यांसकट ती इथे भेटली.

पण माझ्या डोक्यात गोटी होती, म्हणून मला भावली ती मेंढ्याची ठराव करायची रीत. तिथे बहुमत चालत नाही. सर्वसहमती लागते. एकाही माणसाचा विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बसायचं. म्हणजे काळी गोटी यांच्याकडेही आहे, आणि एकच पुरते! फक्त ती तोंडाने टाकावी लागते, सगळ्यांसमोर, आणि बायकांच्या हातातही ती पुरुषांइतकीच असते. साहेबांच्या लॉजमध्ये बायका नाहीत, हे त्यांनी मला जरा खालच्या आवाजात सांगितलं होतं.

गडचिरोलीत आज हजारावर ग्रामसभांकडे असे जंगलाचे हक्क आहेत. त्यांतल्या एका गावात माझा कॉलेजचा मित्र मास्तर आहे. गावाचं नाव नाही सांगत, कारण पुढची हकीकत भांड्यांची आहे. त्याने बोलावलं म्हणून मी साहेबांना घेऊन गेलो. गोटुलाच्या छपराखाली सभा भरली होती. गोटुल म्हणजे चार बाजूंनी उघडं, खांबांवर छप्पर. टायलरला उभं करायचं म्हटलं तर कोणत्या बाजूला करणार? साहेब आधी सगळे खांब निरखून आले. "सांधे चांगले आहेत," म्हणाले.

विषय असा होता: तेंदूपानाचे पैसे आले होते, त्यातून लग्नकार्यासाठी गावाची स्वतःची भांडी घ्यावीत. मोठे गंज, कढया, झारे, ताटं. दर वेळी धानोऱ्याहून भाड्याने आणायची, हरवली तर भरून द्यायची, कटकट नको. बोलणं गोंडीत चाललं होतं आणि मास्तर मला मराठीत सांगत होता. सगळ्यांच्या माना हलत होत्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक आजी, पाहुण्यांनाही कळावं म्हणून असेल, चक्क मराठीत म्हणाली, "नाई."

सभा थांबली. का, म्हणून विचारलं. "मन नाई मानत." एवढंच.

मग सगळे उठले आणि घरी गेले.

साहेब मास्तरला म्हणाले, "ठराव पास झाला ना?"

"नाई जी. पुढच्या सभेत."

"अहो, साठ माणसं बसली होती. एकटी बाई नाही म्हणाली."

"मंग? एक कमी हाय का जी?"

परतीच्या वाटेवर साहेब कारवाफ्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग वैतागून म्हणाले, असं करत बसलं तर गावाचं काम कधी होणार. मी त्यांना त्यांच्या छताची आठवण करून दिली नाही. मैत्रीत काही गोष्टी पाळाव्या लागतात.

दुसऱ्या सभेतही आजी नाईच म्हणाली. मधल्या काळात दोघी-तिघी तिच्या अंगणात जाऊन टोरी फोडायला बसल्या होत्या; टोरी म्हणजे मोहाची बी, ती फोडताना माणूस आपोआप बोलायला लागतो. तिसऱ्या सभेत आजीने पदर खोचला आणि विचारलं, "घासन कोन?"

सगळे पुरुष छपराकडे पाहू लागले. साहेबांना सवय होतीच, पण इतक्या जणांना एकदम खिडकीबाहेर पाहताना मी प्रथमच पाहिलं.

म्हातारीचं म्हणणं उलगडलं ते असं. भाड्याचं भांडं असलं की दुकानदाराचा माणूस मोजून, खरकटं असलं तरी उचलून नेतो, जास्तीचे पैसे घेतो, पण नेतो. गावाचं झालं की ते गावाच्या बायांनी घासायचं. आणि गावात लग्नं एका वैशाखात दहा. शंभर माणसांच्या भाताचा गंज घासणं म्हणजे काय, ते आतापर्यंत मान हलवणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. बायांना माहीत होतं. त्या गप्प होत्या. ठराव झाला, तो असा: भांडी घ्यायची, ज्याच्या घरचं कार्य त्याने परत करायची, आणि घासायची ती पुरुषांनी. पाहुण्यांतल्याही. आजीने मान हलवली. मास्तरने वहीत लिहून घेतलं, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले.

त्या रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "माझ्या त्या मित्राच्या वेळी कोणीतरी पदर खोचायला हवा होता हो." मग हसून फोन ठेवला. माझ्या सभासदत्वाचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, आणि मीही नाही. त्यांचं नागपूरला जाणं चालू आहे, काळा कोट, चपटी बॅग, सगळं. समोरच्या काकू आता गाडीसाठी चिवडा बांधून देतात.

गेल्या वैशाखात त्याच गावात मास्तरच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, नवे गंज, त्यांवर गावाचं नाव ठोकून घेतलेलं. आम्ही दोघं पोटभर जेवलो, हात धुतले आणि जरा सावली शोधत होतो, तोच मास्तरने राखडीची टोपली आणि तणसाचे दोन बोळे आमच्या हातात दिले. ठराव तो ठराव.

हापशाजवळ सात-आठ पुरुष आधीच बसले होते. नवरीचा मामा, दोन शिक्षक, कोणी तलाठी. साहेबांनी कोणाचा तरी पांढरा दुपट्टा मागून कमरेला पुढून बांधला. कपडे भिजू नयेत म्हणून पँट वर दुमडली. मी मुद्दाम पाहिलं. उजवा पाय घोट्यापर्यंत, डावा गुडघ्यापर्यंत. मी काही विचारलं नाही. खिडकी नव्हती, त्यांना पाहायला त्रास झाला असता.

अर्ध्या तासाने त्यांनी आपला गंज हापशाखाली विसळला, दोन्ही हातांनी उचलला आणि आजीसमोर नेऊन ठेवला. आतून चेहरा दिसावा असा लखलखीत. आजीने आत पाहिलं, बोट फिरवलं, मग गंज हलकेच पालथा घातला. गोल, मोठं बूड वर आलं.

"नाई," आजी म्हणाली.

साहेब गुडघ्यांवर हात ठेवून तिच्यापुढे उकिडवे बसले. "काहून, आजी?"

"बूड काळं हाय ना."

साहेबांनी राखडीची टोपली जवळ ओढली.